पाहुण्यांची शाळा

हल्ली सुटीत कुठे जाऊन आलात, या प्रश्नाला एक नवेच उत्तर ऐकू येऊ लागले आहे. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक काशीला जात. आमच्या पिढीने एलटीसीवर काश्मीर आणि कन्याकुमारी केली. (बँकवाल्यांनी जरा जास्तच केली.) मग सिंगापूर-बँकॉक आले, युरोप आला. आता लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ सांगतात, "आमचे चिरंजीव यंदा मुलांना घेऊन केनियाला गेले होते. तिथल्या गरीब मुलांच्या शाळेत आठवडाभर काम केलं सगळ्यांनी." आणखी कोणाची मुलगी नेपाळला जाऊन आलेली असते. मग फोटो दाखवले जातात. मधोमध नातवंडे, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, आणि भोवती तीस-चाळीस हसरी पोरे.

फोटो पाहून आपण "वा, छान" म्हणतो. पैसा आहे, सुटी आहे, आणि तो पैसा खरेदीत न उडवता कोणी शाळेत जात असेल, तर त्याला नावे ठेवणे कोत्या मनाचे दिसते. मी मात्र आज थोडी नावे ठेवणार आहे. निदान ऐकीव माहितीवर ठेवतो आहे असे कोणाला म्हणता येणार नाही, कारण मार्च २०२४ मध्ये अशाच एका सहलीत मी होतो.

माझा मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. मार्चच्या मध्याला तिथल्या शाळांना आठवडाभर सुटी असते. आम्ही दोघे तेव्हा तिकडेच होतो. सिंगापूरहून कंबोडियातले सिएम रीप विमानाने सव्वादोन तासांवर, म्हणजे आपल्या मुंबई-दिल्लीइतके. तिथल्या शाळांचे, कंपन्यांचे, कुटुंबांचे गट 'सेवा' करायला कंबोडियात जातात, आणि अशा सहली आखून देणाऱ्या संस्थाही आहेत. मुलाने एका संस्थेकडे सहा जणांची नावे दिली. तो, सून, बारा वर्षांची नात, नऊ वर्षांचा नातू आणि आम्ही दोघे. पाच दिवस, तीन शाळा, एक दिवस देवळे, अर्धा दिवस सरोवर. "बाबा, यांना कळू दे, आपल्याला काय काय आयतं मिळालंय," हे मुलाचे म्हणणे. आजीला अंगकोर वाट बघायचे होते. मला दोन्हींचे कुतूहल होते.

कंबोडियात मराठी माणसाला फारसे परके वाटत नाही. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेले अंगकोर वाट मुळात विष्णूचे मंदिर. पुढे ते बौद्धांचे झाले. लोक भेटले की हात जोडतात. लिपी पल्लव लिपीतून निघालेली. आणि शाळेला ते म्हणतात 'साला'. हे ऐकून नातू गाडीत इतका हसला की आजीला त्याला दटावावे लागले. 'साला' म्हणजे आपली शाळाच, आणि मास्तरांना 'क्रू' म्हणतात, म्हणजे गुरू.

ज्या देशात हे शब्द इतकी शतके टिकले, त्या देशात १९७५ साली शाळाच बंद झाल्या. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या फौजा नॉम पेन्हमध्ये शिरल्या आणि जानेवारी १९७९पर्यंत पोल पॉटचे राज्य चालले. शहरे रिकामी केली गेली. पैसा रद्द झाला आणि मध्यवर्ती बँकेची इमारत सुरुंग लावून उडवली गेली. हे वाचल्यावर बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाच्या पोटात खड्डा पडतो. शिकलेला माणूस म्हणजे शत्रू असे ठरल्याने शिक्षक मारले गेले, उपासमारीने मेले किंवा देश सोडून पळाले. त्या पावणेचार वर्षांत १५ ते २० लाख माणसे गेली. राजधानीतल्या एका माध्यमिक शाळेची छळछावणी झाली. तुओल स्लेंग नावाने तिथे आज संग्रहालय आहे, आणि वर्गखोल्यांत बांधलेल्या विटांच्या कोठड्या तशाच ठेवल्या आहेत. १९७९ नंतर शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ज्याला चार अक्षरे येत होती त्याला मास्तर करावे लागले. आम्ही गेलो त्या पहिल्या शाळेचे मुख्याध्यापक पन्नाशीचे होते. त्यांना पहिलीत ज्यांनी शिकवले, ते स्वतः सहावीपर्यंत शिकलेले होते.

अशा तळातून वर आलेला हा देश आहे. सरकारी शाळा आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्या दोन पाळ्यांत चालतात. मूल सकाळी जाते, नाही तर दुपारी. उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी सिएम रीपच्या आसपासच्या खेड्यांत लोकांनी छोट्या मोफत शाळा काढल्या आहेत. तिथे मुख्यतः इंग्रजी शिकवतात, जमल्यास संगणक. इंग्रजी का, तर हॉटेलात, टुकटुकवर, देवळांत वाटाड्या म्हणून, कुठेही काम हवे असेल तर इंग्रजी लागते. २०१९ साली अंगकोरला २२ लाखांच्या आसपास परदेशी पाहुणे आले. त्या भागाची भाताची ताटली पाहुण्यांवर भरते. मोफत शाळांना सरकारी अनुदान नसते. त्यांचीही ताटली पाहुण्यांवरच.

पहिल्या सकाळी साडेनऊला शाळेत पोचलो. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढे लाल मातीचे अंगण, कडेला हातपंप. मुले दोन रांगांत उभी होती, पांढरे सदरे आणि निळ्या चड्ड्या-स्कर्ट. आम्ही गाडीतून उतरताच हात जोडले गेले आणि हातवाऱ्यांसह इंग्रजी स्वागतगीत झाले. मग वर्गात. पस्तीस मुलांच्या खोलीत आम्ही सहा आणि दुसऱ्या एका कुटुंबातले पाच, असे अकरा जण शिरलो. फळ्यावर काही वाक्ये अर्धवट लिहिलेली होती. संस्थेच्या मुलीने ती पुसली, कारण आम्ही रंगांची नावे शिकवणार होतो. शिक्षिका चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. तिने खडू ठेवला, ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि पुढचा सव्वा तास तिथेच उभी होती.

मुलांना रंगांची नावे येत होती. फारच छान येत होती. नातवाने पिवळे कार्ड पुरते वर करायच्या आत पस्तीस गळ्यांतून "यलो" येई. आमची मंडळी खूश होऊन टाळ्या वाजवत होती. मी मागच्या बाकावर बसलो होतो. शेजारी दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्यापुढे वही उघडी होती. फळ्यावरून पुसलेली वाक्ये तिच्यात उतरवलेली होती. काल मी गेलो, काल ती आली, काल आम्ही खाल्ले. इंग्रजीतल्या भूतकाळाचा धडा चालला होता. पाचवे वाक्य अर्धे राहिले होते.

दुपारी भिंत रंगवायची होती. मला वयामुळे हलके काम दिले, जुना रंग खरवडण्याचे. आकाशी रंगाखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली पोपटी आणि पोपटीखाली पुन्हा आकाशी. भिंतीला काही झालेले नव्हते. छपराच्या एका कोपऱ्यातला पत्रा मात्र गंजून चाळणी झाला होता, आणि पावसाळ्यात त्या कोपऱ्यातले बाक मधे ओढावे लागतात असे कळले. पण पत्रा बदलायला शिडी लागते आणि शिडीवर चढणारा माहीतगार माणूस लागतो. ते काम नऊ वर्षांच्या पाहुण्याला देता येत नाही.

शाळेत शेरेबुक होते. रजिस्टर दिसले की उघडायचे, ही बँकेतली खोड अजून गेलेली नाही. १ जानेवारीपासून आमच्या दिवसापर्यंत ४१ नोंदी होत्या. त्या काळात शाळेचे दिवस झाले पन्नासच्या आसपास. म्हणजे पाच दिवसांतले चार दिवस कोणी ना कोणी येऊन गेले होते. सगळे शेरे एकाच सुराचे: मुले किती आनंदी, किती कृतज्ञ, खरे तर आम्हीच त्यांच्याकडून शिकलो. मुलांना वाचता कितपत येते, याबद्दल एक ओळ नाही. आपल्याकडचे जुने दिपोटी कसेही असले तरी निदान एखादा पाढा विचारून, एखादा उतारा वाचून घेऊन जात.

मी १९८३ साली बँकेत लागलो आणि पहिली काही वर्षे मराठवाड्यातल्या शाखांत काढली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची ती ऐन भराची वर्षे. गरीब कुटुंबाला म्हैस घेऊन द्यायची, काही रक्कम अनुदान, बाकीचे कर्ज. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला. म्हैस खरोखर घेतली आहे का, हे बघायला आम्ही जीपने हिंडायचो. एकदा एका दिवसात तीन गावांत मला एकच म्हैस दाखवण्यात आली. डाव्या शिंगाचा टवका उडालेला होता म्हणून ओळखली. आम्ही रस्त्याने आणि ती आडवाटेने टेम्पोतून, असा आमचा दोघांचा दौरा चालला होता. बिल्ले मात्र तीन वेगळे होते. त्या लोकांना सरसकट लबाड म्हणायची माझी तेव्हाही तयारी नव्हती. साहेबाला म्हैस बघायची असते, म्हणून म्हशीची व्यवस्था होते. घरातल्या पोराला दूध मिळते का, हे बघायला साहेब आलेला नसतो.

ती म्हैस मला चौथ्या दिवशी पुन्हा भेटली. तोन्ले साप हे आग्नेय आशियातले सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. पावसाळ्यात मेकाँग फुगली की त्याला जोडणारी नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर कित्येक पटींनी पसरते. त्याच्या काठाने खांबांवरची गावे आहेत, तरंगती गावे आहेत, तरंगत्या शाळाही आहेत. होडीवाल्याने वाटेत एका तरंगत्या दुकानाशी होडी लावली. इथून वह्या घ्या, पुढे शाळेत द्या, म्हणाला. भाव बाजारातल्याच्या तिप्पट. वह्यांचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधलेले होते, आणि प्लास्टिक हाताळून हाताळून दुधी पडलेले. सून पर्स उघडत होती, तेवढ्यात संस्थेच्या मुलीने नजरेनेच नको म्हटले. दिवसा शाळेत दिलेले असे गठ्ठे संध्याकाळी दुकानात परत येतात, असे कितीतरी प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. कानातला बिल्ला तेवढा नव्हता.

वर्गात पाहुणे शिरण्याने एक धडा बुडतो, वहीत फसवणूक झाल्याने काही डॉलर बुडतात. याच रस्त्याच्या पुढच्या टोकाला काय आहे, ते कंबोडियानेच जगाला दाखवले. तिथल्या सरकारने आणि युनिसेफने २०११ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २००५ साली देशात १५४ अनाथालये होती, ती २०१० साली २६९ झाली होती. युद्ध तर केव्हाच संपले होते, मग अनाथ कुठून वाढले? पाहणीत असे आढळले की तिथल्या दर चार मुलांतल्या जवळजवळ तिघांची आई किंवा बाप हयात होता. मुलाला शिकवू, खायला घालू, असे सांगून गरीब घरांतून मुले आणली जात होती, कारण अनाथालय बघायला येणारे आणि बघून पैसे देणारे परदेशी लोक वाढले होते. त्याच वर्षी तिथल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने, मुले ही प्रेक्षणीय स्थळे नव्हेत, अशी मोहीम उघडली. पुढे २०१३ पासून काही पर्यटन कंपन्यांनी अनाथालयांच्या सहली बंद केल्या. ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या एका समितीने २०१७च्या अहवालात, अनाथालये भरण्यासाठी होणारी मुलांची ने-आण हा आधुनिक गुलामगिरीचा प्रकार आहे, हे मांडले. आमच्या सहलीच्या कार्यक्रमात अनाथालय नव्हते, आणि संस्थेच्या मुलीने ते अभिमानाने सांगितले. शाळा मात्र तीन होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टुकटुक करून एकटाच पहिल्या शाळेत परत गेलो. मुले घरी गेली होती. मुख्याध्यापक पायरीवर बसून सायकलची साखळी चढवत होते. त्यांना बरे इंग्रजी येते. मी सरळच विचारले, आम्ही येतो याचा तुम्हाला त्रास होतो का? त्यांनी आधी शिष्टाचाराने नाही म्हटले. मग साखळी चढल्यावर हात पुसत म्हणाले, "मला तीन शिक्षकांचा पगार द्यायचा असतो. मुले गाणे म्हणतात, पाहुणे पैसे देतात. पाहुणे आले नाहीत तर पैसे येत नाहीत." खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या बाईंना महिना १८० डॉलर मिळतात.

मी करोनाच्या काळाबद्दल विचारले. मार्च २०२० मध्ये विमाने थांबली. शेरेबुकाची पाने जवळजवळ दोन वर्षे कोरी आहेत. देणगीदार एकेक करून गळाले. चौघे टिकले. ते दर तीन महिन्यांनी पैसे पाठवत राहिले आणि त्यावर दोन शिक्षक तगले. तिसरा भाताच्या शेतावर गेला, तो परत आला नाही. जेव्हा परवानगी असे तेव्हा दहा-दहा मुलांचे वर्ग बौद्ध मठाच्या आवारात भरत. "आणि तेव्हा एकही धडा मधे थांबला नाही," असे म्हणून ते हसले. त्या चौघांपैकी दोघांनी ही शाळा आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाही.

रात्री हॉटेलात मी कागद घेऊन बसलो. सहा जणांचे विमान, हॉटेल, संस्थेची फी, जेवणखाण, देवळांची तिकिटे मिळून ४ लाख ६० हजार रुपये. त्यांतले वह्या, रंग आणि देणगी या रूपाने तिन्ही शाळांकडे गेले ते ३८ हजार. उरलेल्या रकमेत त्या बाईंचा सव्वादोन वर्षांहून अधिक पगार होतो. अंगकोरचे एका दिवसाचे तिकीट ३७ डॉलर. नातवाला वयामुळे माफ होते, म्हणून आम्ही पाच काढली: १८५ डॉलर. आजीने कागद पाहिला आणि "तुमचं मार्चअखेर अजून संपत नाही," एवढेच म्हणाली.

मुलगा चिडला. त्याचे म्हणणे मला लिहिलेच पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. "बाबा, आम्ही इथे आलो नसतो तर हे चार लाख शाळेला गेले नसते, बालीला गेले असते. ३८ हजार तरी मिळाले ना? आणि न बघता कोण पैसे देतं? तुमची बँक दिली असती का?"

पहिला मुद्दा मान्य. बालीचे पैसे बालीलाच जाणार होते. पण मग ती सुटी आहे, तिला सेवा म्हणू नये, आणि सुटीसाठी वर्ग थांबवू नये. अंगकोर बघावे, चार दिवस जास्त राहावे, तिथल्या वाटाड्याला पूर्ण दिवसाचे पैसे द्यावेत, तिथल्या खाणावळीत जेवावे. त्या पैशाला कोणी गाणे म्हणून दाखवावे लागत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी बँकवाला आहे. बँक न बघता कर्ज देत नाही, खरे आहे. पण बघायला एक अधिकारी जायचा, कधी तरी जायचा, आणि गोठ्यापेक्षा कागद जास्त बघायचा. (त्यालाही एक म्हैस तीनदा दाखवता येते, ते वर आलेच आहे.) ज्यांच्या पैशातून ती म्हैस घेतली गेली, ते ठेवीदार कधी गोठ्यात आले नाहीत. पुण्यातले पेन्शनर एसटीने परभणीला जाऊन म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून, तिच्याबरोबर फोटो काढून परतले नाहीत. तसे ते आठवड्यातून चार दिवस येऊ लागते, तर म्हशीला चरायला वेळ उरला नसता. देणाऱ्या दहा-वीस कुटुंबांच्या वतीने एका जाणत्या माणसाने वर्षातून एकदा, शाळा सुटल्यावर जावे, हजेरीपट आणि हिशोब बघावा, मास्तरांशी बोलावे आणि बाकीच्यांना चार ओळी कळवाव्यात. बघण्याची गरज तेवढ्यात भागते. बघण्याची हौस भागत नाही.

सुनेचे म्हणणे वेगळे होते. "शाळेचं ठीक आहे. पण मुलांना काही दिसलंच नाही तर त्यांना कळणार कसं?" हा प्रश्न सोपा नाही, आणि घरोघरचे आईबाप तो मनापासून विचारतात. आपली मुले वातानुकूलित घरात वाढतात, त्यांना जगाची ओळख व्हावी, हे वाटणे चांगलेच. माझी अडचण एवढीच की आपल्या मुलांना कृतज्ञता शिकवायची, तर तिचे पाठ्यपुस्तक म्हणून दुसऱ्याचे मूल का वापरायचे? भूतकाळाचा धडा अर्धवट सोडून त्याने आपल्या पोराचा धडा का व्हावे? उद्या पंधरा अनोळखी परदेशी माणसे माझ्या नातवाच्या वर्गात शिरली, त्याला जवळ घेऊन फोटो काढू लागली, तर हीच सून मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटेल, आणि बरोबरच करेल.

शिवाय शिकायला विमान कशाला? सिंगापुरात अडीच लाखांहून अधिक परदेशी बायका घरकामाला आहेत. मुलाच्या घरीही इंडोनेशियाची एक बाई आहे. तिची दोन मुले गावी आजीपाशी राहून शाळेत जातात. दर महिन्याला पगार झाला की रविवारी ती पैसे पाठवायला जाते. मी विचारले तेव्हा तिला गावी जाऊन दोन वर्षे झाली होती. माझी नातवंडे तिच्या हातचे खाऊन वाढली, पण तिची मुले कितवीत आहेत हे घरात कोणाला नेमके सांगता येईना.

त्या रात्री नात उशिरापर्यंत जागी होती. मला म्हणाली, "आजोबा, त्या टीचरना आपण काही विचारलंच नाही ना?" दिसायचे ते तिला दिसले होते, हे सुनेच्या बाजूनेही जाते, हे मी नाकारत नाही.

माझे वडील १९३९ ते १९४३ साताऱ्यात वार लावून शिकले. सात वार, सात घरे. उतारवयात त्यांना त्यांतली दोनच घरे नीट आठवत. एका घरी गुरुवारी बहुधा पाहुणे असत. यजमान भले होते, ताटात कधी हात आखडता घेतला नाही. पण जेवण झाले की म्हणत, "आमच्याकडे वाराला येतो, हुशार आहे हो. म्हण रे काही तरी." वडील उष्टा हात तसाच धरून स्तोत्र म्हणत. पाहुणे मान डोलावत. दुसरे घर बुधवारचे. तिथली बाई ताट वाढून, पोळ्यांची चवड जवळ ठेवून आत निघून जायची आणि हात धुतल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर यायची नाही. वडील सांगत, बुधवारी मी दोन पोळ्या जास्त खायचो. त्यांच्या तोंडून गुरुवारच्या यजमानांबद्दल कधी वाईट शब्द आला नाही. पण स्तोत्र म्हणून ते कधी म्हणायचेही नाहीत, घरात गणपती असला तरी.

वाचकांपैकी अनेकांची मुले परदेशी आहेत आणि अशी सहल आज ना उद्या त्यांच्या घरीही निघेल, म्हणून पुढचे सांगतो. आम्ही घरी एवढे ठरवले आहे: त्या पहिल्या शाळेतल्या एका शिक्षिकेचा वर्षाचा पगार चार हप्त्यांत पाठवायचा, आणि त्याबद्दल गाणे, पत्र, फोटो, मुलांनी काढलेली चित्रे, यांतले काही मागायचे नाही. वर्षाचा हिशोब मात्र मागायचा, आणि तो मी तपासायचा. मुलाने त्याच्या कार्यालयातली आणखी चार कुटुंबे गोळा केली आहेत. त्याला सहलीचा नाद सुटलेला नाही. पण पुन्हा गेलो तर शाळा बंद असताना जाऊ, असे तो आता म्हणतो.

जानेवारी २०२५ मध्ये हिशोब आला. एकच पान, सुबक टाइप केलेले. पगार, वह्या, वीज. त्याखाली 'पाहुण्यांसाठी खर्च' अशी रक्कम आहे, पाण्याच्या बाटल्या, फळे, हार, आणि ती पुस्तकांवरच्या खर्चाहून मोठी आहे. मी तिच्यापुढे पेन्सिलने खूण करून विचारणा पाठवली. उत्तर अजून आलेले नाही. छपराचे सहा पत्रे बदलल्याची पावती मात्र सोबत जोडली आहे. मुलगा म्हणतो, पत्र्यांचा एक फोटो तरी मागवा.